पाच चिठ्ठ्या आणि गुलमर्गचा बर्फ

मागच्या कार्यक्रमात आम्ही सहज म्हणून गेलो की आम्ही पाच जणी काश्मीरला जाऊन बर्फावर स्की शिकून आलो. त्यानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, "खर्च किती आला? आम्हाला जमेल का?" आज तेच सांगणार आहोत. आमच्यात एक शिवणकाम करणारी, एक बालवाडीची बाई, एक पतपेढीत नोकरीला, एक खानावळ चालवणारी आणि सगळ्यांत थोरल्या ताई 52 वर्षांच्या. याआधी आमच्यापैकी एकीनेही बर्फ पाहिला होता तो फक्त फ्रीजमधला.

आधी पैशांचं बोलू, कारण मैत्रिणींच्या सहली पैशांवरूनच बिनसतात. जिच्याकडे कमी असतात ती तसं सांगत नाही. घरचं कारण काढते आणि मागे राहते. म्हणून आम्ही पाच कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या. प्रत्येकीने नाव न घालता, कर्ज न काढता जमेल तेवढा आकडा लिहिला आणि चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. सगळ्यांत मोठा आकडा 40,000 होता, सगळ्यांत लहान 22,000. लहान आकडा तोच सगळ्यांचा आकडा, हे चिठ्ठ्या उघडण्याआधीच ठरलं होतं. मग दरमहा 2,000 ची भिशी लावली, 11 महिने. त्यातले 20,000 खर्चायचे आणि 2,000 रस्ता बंद पडला, कुणी आजारी पडलं तर हाताशी ठेवायचे.

आता जागा. आपल्या देशात नवशिक्यांसाठी तीन ठिकाणं ठाऊक असतात. मनालीजवळचं सोलंग, उत्तराखंडातलं औली आणि काश्मीरमधलं गुलमर्ग. सोलंगला पोहोचणं सोपं, पण तिथे गर्दी फार आणि बर्फाचा भरवसा कमी. औलीला हरिद्वारहून रस्त्याने अख्खा दिवस जातो. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे, फेब्रुवारीत तिथे सहसा चांगला बर्फ असतो आणि शिकण्यासाठी सौम्य उतारही आहेत. म्हणून आम्ही गुलमर्ग घेतलं.

घरून प्रश्न आलाच. 2025 च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यात आपल्या डोंबिवलीची, पुण्याची माणसं गेली. घरच्यांची भीती खोटी नव्हती, म्हणून आम्ही वाद घातला नाही. राहण्याची सोय रद्द करता येईल अशीच घेतली, निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा सगळ्या बसलो आणि एकीचंही मन नसेल तर तिला आग्रह करायचा नाही, असं ठरवलं. तुम्हीही असंच करा. घाबरत गेलेल्या मैत्रिणीला बर्फावर काही शिकता येत नाही.

पैसे वाचतात ते तारखांमध्ये. नाताळ, नवं वर्ष आणि 26 जानेवारीची जोडून आलेली सुट्टी टाळली. फेब्रुवारीत आठवड्याच्या मधले दिवस घेतले. जाताना पुण्याहून रेल्वेने जम्मू गाठलं. 2025 च्या जूनपासून कटऱ्याहून थेट श्रीनगरला रेल्वे जाते, त्यामुळे घाटरस्ता बंद पडण्याची धास्ती उरली नाही. येताना लवकर काढलेलं विमानाचं तिकीट. एकूण आठ दिवस, त्यातले तीन बर्फावर आणि एक राखीव. बर्फवृष्टीत विमानं रद्द होतात, म्हणून हा राखीव दिवस कापू नका.

राहायला गुलमर्गमध्ये महाग पडतं. खाली सुमारे 13 किलोमीटरवर टंगमर्ग आहे, तिथे स्वस्तात सोय होते. रोज सकाळी सुमो गाडीत जागा वाटून घेऊन वर जायचं. बर्फ फार असला की चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्याच वर सोडतात, तेव्हा लवकर निघायचं. आणखी एक गोष्ट, आपलं इकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. पाच जणींत निदान दोघींकडे पोस्टपेड हवं.

आता गंडोला. गुलमर्ग म्हटलं की सगळे तारेवरच्या त्या डब्यांचं तिकीट आधी काढतात. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो, दुसरा सुमारे 3,950 मीटरवर अफरवाटला. पण वरचा उतार नवशिक्यांचा नाही. तिथे हिमस्खलनाचा धोका असतो आणि कसलेले लोकही वाटाड्या घेऊन उतरतात. आपलं शिकणं होतं ते खालच्या सपाटीजवळच्या छोट्या उतारांवर. म्हणून पहिले दोन दिवस गंडोलाचं तिकीट लागतच नाही. आम्ही तिसऱ्या दिवशी फक्त पहिल्या टप्प्यापर्यंत, डोंगर बघायला गेलो, आणि ते तिकीट ऑनलाइन आधीच काढलं होतं.

स्की, बूट आणि काठ्या तिथेच भाड्याने मिळतात. भाडं दिवसाचं ठरवा, तासाचं नको. शिकवणारा माणूस पाच जणींत एक घ्या आणि किती तास, किती पैसे हे बर्फावर पाय ठेवण्याआधी बोलून घ्या. तो नोंदणी केलेला आहे ना, हेही विचारा. ज्यांना जास्त रजा मिळते त्यांनी केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या गुलमर्गमधल्या स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेच्या कोर्सची आधी चौकशी करावी.

बूट घालताना पायात मोजा एकच. दोन घातले की पाय आत सरकतो आणि रक्त अडून गारही पडतो. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघा वाकवला की मागे आली पाहिजेत. टाच मात्र उचलली जाता कामा नये. नवशिकीला हनुवटीपर्यंत येईल एवढीच स्की पुरे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. बूट स्कीला ज्या पकडीने अडकतो, ती पडल्यावर आपोआप सुटायला हवी. नाही सुटली तर लांब स्की पायाला पिळते आणि गुडघ्याचा स्नायूबंध तुटू शकतो. ही दुखापत आपल्या बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त होते. ती पकड किती घट्ट ठेवायची हे वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि आपल्याला किती येतं यावर ठरतं. दुकानदाराने वजन विचारलं तेव्हा आमच्यातल्या एकीने दहा किलो कमी सांगितलं. पकड सैल लागली आणि सकाळभर तिची स्की पावलापावलाला निघत राहिली. बाकीच्या थोडं घसरायला लागल्या आणि ही चहाच्या टपरीत बसून रडली, "मला नाहीच जमणार." ताईंनी शांतपणे विचारलं, "वजन किती सांगितलंस गं?" मग दुकानात जाऊन खरा आकडा सांगितला आणि दुपारी ती आमच्या पुढे होती. मैत्रिणींनो, वजन खरं सांगा. "मला येतं थोडं" असंही म्हणू नका. मग पकड घट्ट लागते आणि ते जास्त वाईट.

पहिल्या दिवशी शिकायचं ते थांबायला. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, गुडघे आत आणि वाकलेले. असं केलं की वेग कमी होतो. पडणार असं वाटलं की डोंगराच्या बाजूला, कुशीवर बसून घ्या. हात टेकवू नका आणि काठी घट्ट धरून पडू नका, अंगठा दुखावतो. उठताना स्की उताराला आडव्या करा, नाहीतर उठता उठताच घसराल.

जाण्याआधी सहा आठवडे भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसण्याचा सराव करा आणि जिने चढा-उतरा. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. अंगाला सुती कपडे नकोत, घामाने ओले झाले की गार पडतात. आत थर्मल, वर लोकरीचं, सगळ्यांत वर पाणी न झिरपणारं जॅकेट. ते तिथे भाड्याने मिळतं. बर्फावरून ऊन उलटून येतं, म्हणून गडद गॉगल आणि चेहऱ्याला क्रीम हवंच. प्रवासाचा विमा काढलात तर त्यात स्कीइंग धरलंय का ते वाचा. पुष्कळ विम्यांत ते नसतं.

शेवटचा नियम ताईंचा. दुपारी तीननंतर "आता शेवटची एकच" म्हणायचं नाही. पाय थकलेले असतात आणि तेव्हाच अपघात होतात. आम्ही तीनही दिवस तो पाळला आणि पाचही जणी धडधाकट घरी आलो. माणशी 19,600 रुपये खर्च आला.

22,000 ची ती चिठ्ठी कुणाची होती, हे आम्ही आजवर विचारलेलं नाही. उरलेले पैसे डब्यात आहेत आणि पुढची भिशी सुरू झाली आहे.