एक घोणस विषारी, दुसरी बिनविषारी! सापांची ‘खरी’ नावे कशी ठरतात? जाणून घ्या

शेतात जाडजूड, ठिपक्यांचा साप दिसला आणि कोणी ‘घोणस’ म्हणून ओरडले, तर पहिला प्रश्न असतो, नेमकी कोणती? घोणस अत्यंत विषारी, तर डुरक्या घोणस पूर्णपणे बिनविषारी. लांबून दोन्ही सारख्याच वाटतात. असा घोळ टाळण्यासाठी जीवशास्त्रज्ञ प्रत्येक जातीला जगभर चालणारे एकच शास्त्रीय नाव देतात.

ओळख कशी पटते?
केवळ रंगावरून नाही. खवल्यांची संख्या व मांडणी, दात, कवटी आणि आता डीएनएही तपासला जातो. मण्यार आणि बिनविषारी कवड्या, दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे असतात. पण मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते, कवड्याला ती नसते.

नाव कसे ठरते?
स्वीडनच्या कार्ल लिनियस यांच्या १७५८ मधील ग्रंथापासून प्राण्यांची शास्त्रीय नावे ग्राह्य धरली जातात. नावाचे दोन भाग असतात. पहिला आडनावासारखा, म्हणजे जवळच्या जातींना सामाईक. दुसरा त्या जातीचा स्वतःचा. घोणस म्हणजे ‘डॅबोया रसेली’. यातील ‘रसेली’ हे भारतीय सापांचे अभ्यासक पॅट्रिक रसेल यांच्यावरून आले. डुरक्या घोणस मात्र ‘एरिक्स कोनिकस’. आडनावच वेगळे, म्हणजे नातेही दूरचे.

नवी जात जाहीर करताना तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध करतात आणि नमुना सहसा संग्रहालयात जपतात. पुढे शंका आली, तर त्याच्याशी ताडून पाहता येते.

वर्गीकरण बदलते का?
हो. पुरावा बदलला की वर्गीकरणही बदलते. म्यानमार, थायलंडमधील घोणस पूर्वी भारतीय घोणशीचीच उपजात मानली जाई. २००७ मधील अभ्यासानंतर ती ‘डॅबोया सियामेन्सिस’ ही वेगळी जात ठरली.

आपला काय संबंध?
थेट जिवाचा! सापाचे विष अल्प प्रमाणात घोड्यांना टोचून, त्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार करतात. भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बेतलेले आहे. फुरशाचे भाऊबंद आफ्रिकेतही आहेत, पण जात वेगळी आणि विषही वेगळे. भारतीय फुरशाच्या विषापासून बनवलेले प्रतिविष घानामध्ये वापरले, तेव्हा ते कुचकामी ठरले आणि मृत्यूंचे प्रमाण वाढले. ‘सगळी फुरशी सारखीच’ हा समज रुग्णांना महागात पडला.

साप चावला तर?
त्याला मारण्यात, पकडण्यात किंवा ओळखत बसण्यात वेळ घालवू नका. तातडीने रुग्णालय गाठा. डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करतात. प्रतिविषाच्या बाटलीत कोणाकोणावरचा उतारा हवा, हे ठरवताना मात्र सापांची अचूक ओळखच कामी येते.