ज्वारीच्या पेटीतून उसाच्या फडात

पिकावरच्या किडीविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या ट्रायकोकार्डाची सुरुवात ज्वारीपासून होते. एका दाण्याचे तीन-चार तुकडे होतील इतपत अडीच किलो ज्वारी भरडायची, ओव्हनमध्ये १०० अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवायची, गार झाली की त्यात शेंगदाण्याचं कूट, चिमूटभर यीस्ट, गंधकाची भुकटी आणि स्ट्रेप्टोमायसीन मिसळून पेटीत भरायची. वरून कोरसायरा नावाच्या पतंगाची अर्धा घन सेंटिमीटर अंडी भुरभुरायची. साठवणीच्या धान्यात जाळी करणाऱ्या या पतंगाला एरवी कोणी उभं करत नाही, पण प्रयोगशाळेत त्याची बडदास्त ठेवली जाते. कारण त्याची अंडी हवी असतात, तीही दुसऱ्याच कुणासाठी.

ती दुसरी म्हणजे ट्रायकोग्रामा. गांधीलमाशीच्या गणातली, पण जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची. उसाचा खोडकिडा किंवा कपाशीची बोंडअळी यांच्या पतंगांनी पानाफुलांवर घातलेली अंडी ही शोधून काढते आणि त्यांच्या आत स्वतःचं अंडं घालते. आतला ऐवज तिचं पिल्लू खातं. अळी जन्मालाच येत नाही. फवारणी कितीही वेळेवर केली तरी तोवर अळीने काहीतरी कुरतडलेलं असतं; इथे ती पाळीच येत नाही.

कॅलिफोर्नियात स्टॅनली फ्लँडर्स या कीटकशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकाच्या अखेरीस धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर ही माशी मोठ्या प्रमाणावर वाढवून दाखवली. आपल्याकडे १९७७ मध्ये जैविक कीड नियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. बंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो ही संस्था त्यातूनच वाढली. आता कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं आणि साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांतही ट्रायकोकार्ड बनतं.

पेटी भरल्यावर साधारण चाळीस दिवसांनी पतंग निघू लागतात. रोज सकाळी ते गोळा करून जाळीच्या पिंपात सोडायचे. त्यांच्या पंखांची धूळ इतकी उडते की तोंडाला फडकं न बांधता काम करणाऱ्याला दम्यासारखा त्रास होऊ शकतो. जाळीतून खाली पडलेली अंडी चाळून स्वच्छ करायची आणि अतिनील दिव्याखाली अर्धा-पाऊण तास ठेवायची, म्हणजे आतला गर्भ मरतो पण अंडं टिकतं. हे चुकलं तर न खाल्लेल्या अंड्यांतून अळ्या निघतात आणि शेजारची अंडी फस्त करतात. मग कार्डावर डिंक लावून त्यावर अंडी पसरतात. एक घन सेंटिमीटर अंडी म्हणजे १६ ते २० हजार. खसखशीचा थर दिल्यासारखी दिसतात. माशा सोडल्यावर तीन-चार दिवसांत अंडी काळी पडली की कार्ड तयार.

इथवरचं काम शिस्तीचं आहे, अवघड नाही. अवघड गोष्ट अशी की काळं कार्ड चांगलं असतंच असं नाही.

मादी अंड्यावर चालत जाऊन त्याचा आकार जोखते आणि त्यानुसार आत किती अंडी घालायची ते ठरवते. पण सहा घन सेंटिमीटर अंड्यांमागे माशा निघणारी एक घन सेंटिमीटर अंडी हे नेहमीचं प्रमाण सोडून कोणी जास्त माशा सोडल्या, तर एकाच अंड्यात अनेकींची पिल्लं कोंबली जातात आणि निघणाऱ्या माशा खुरट्या होतात. कार्ड मात्र उलट जास्तच काळं दिसतं. दुसरा धोका त्याहून छुपा आहे. पिढ्यान्‌पिढ्या बंद नळीत, समोर वाढून ठेवलेल्या कोरसायराच्या अंड्यांवर जगलेल्या माशीला शोधण्याची गरजच राहत नाही. पंख नीट न फुललेल्या माशा वाढतात, उसाच्या फडात सोडल्या तर पानावरच घुटमळतात. म्हणून मूळ साठा अधूनमधून शेतातून नव्याने आणावा लागतो, काही पिढ्या खऱ्या किडीच्या अंड्यांवर वाढवाव्या लागतात. नर-मादीचं गणितही आहेच: मीलन न झालेल्या मादीला बहुतेक नरच होतात, आणि शेताला नराचा उपयोग शून्य.

पेटीतही चोर शिरतात. ब्रॅकॉन नावाची माशी कोरसायराच्या अळ्यांवर तुटून पडते. गंमत म्हणजे हीच ब्रॅकॉन नारळाच्या काळ्या डोक्याच्या अळीविरुद्ध मुद्दाम वाढवून बागेत सोडतात.

काळं कार्डही फसवू शकतं, त्यामुळे गुणवत्ता म्हणजे नुसती मोजदाद नव्हे. किती अंडी काळी, किती फुटली, माद्या निम्म्याहून जास्त आहेत का, त्या किती दिवस जगतात, हे तपासायचंच. पण मला सर्वांत पटते ती उडण्याची परीक्षा. अंधाऱ्या नळकांड्याच्या तळाशी काळी अंडी, भिंतीवर चिकट पट्टा, वरच्या उजेडाच्या तोंडाला चिकट झाकण. झाकणाला चिकटल्या त्या उडणाऱ्या, पट्ट्यावर अडकल्या त्या चालणाऱ्या, तळाशी राहिल्या त्या निकामी. कार्ड विकताना हिशेब अंड्यांचा होतो. तो उडणाऱ्या माद्यांचा व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

यातून उत्तीर्ण झालेलं कार्डही वाटेत वाया जातं. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत तासभर राहिलं की खेळ संपला. शेतात बांधल्यावर मुंग्या अंडी पळवतात, शेजारच्या सरीतली फवारणी उरलेल्या माशा मारते. उसात हेक्टरी ५० हजार अंडी, आठ-दहा दिवसांच्या अंतराने चार-सहा वेळा, असं शिफारशीत असतं; माशी फार लांब उडत नाही, म्हणून कार्डाच्या पट्ट्या कापून फडभर पानांच्या खालच्या बाजूला टाचायच्या.

कार्ड घ्याल तेव्हा त्यावरची माशा निघण्याची तारीख आधी वाचा. मग बोटभर तुकडा कापून काचेच्या बाटलीत टाका, तोंडाला कापसाचा बोळा लावून सावलीत ठेवा. ती तारीख उलटून दोन दिवस झाले तरी उजेडाकडच्या काचेवर बारीक ठिपके चालताना दिसले नाहीत, तर पुढचं कार्ड तिथून घेऊ नका, आणि का घेत नाही ते त्यांना सांगा.