बाणाला दरी दिसत नाही

गेल्या रविवारी भाच्याची मुलगी घरी आली ती थेट माझ्या कपाटापाशीच गेली. ‘‘आजोबा, तुमचं ते जुनं जीपीएस कुठे आहे? आम्ही कॉलेजची मंडळी हरिश्चंद्रगडाला चाललोय.’’

‘‘मोबाइल आहे की तुझ्याकडे. त्यात सगळं असतं म्हणतात.’’

‘‘पडदा ओला झाला की तो बोटाला दाद देत नाही. आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही.’’

उत्तर शहाणपणाचे होते. घरच्या मोठ्या माणसांशिवाय ही मुलगी पहिल्यांदाच डोंगरात निघाली होती आणि निदान विचार करून निघाली होती. मी यंत्र काढून तिच्या हातात दिले. देताना मन जरा अडखळले, ते का, हे तिला ठाऊक नव्हते. यंत्राबरोबर चार गोष्टी सांगणे भाग होते. त्या तिला सांगितल्याच, पण घराघरांतून मुले-मुली हल्ली पाठीला पिशव्या लावून डोंगराकडे निघतात, तेव्हा त्यांच्या आईवडिलांच्याही कानावर त्या असाव्यात, म्हणून येथे लिहितो.

आधी त्या अडखळण्याविषयी. २००९ सालच्या जुलैतली गोष्ट. भाच्याने अमेरिकेहून हे यंत्र आणले होते. मुठीत मावणारे, दोन पेन्सिल सेलवर चालणारे. आम्ही दोघे खिरेश्वरहून निघालो. तोलार खिंडीतून वर चढून, टेकड्यांमागून टेकड्या ओलांडत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोचलो. निघताना भाच्याने खिरेश्वरात, जिथे गाडी लावली होती, तिथली जागा यंत्रात नोंदवली होती. त्यानंतर मी त्याला यंत्र बंद करायला लावले. सेल वाचावेत म्हणून. जन्मभर बँकेत काढल्यावर काटकसर अंगात मुरते, ती अशी नको तिथे बाहेर येते. वास्तविक ते दोन सेल वीस तासांहून अधिक चालले असते.

परतीला निघालो आणि धुके उतरले. पाच पावलांपुढचे दिसेना. तोलार खिंडीकडच्या त्या टेकड्या स्वच्छ हवेतही माणसाला चकवतात, धुक्यात तर सगळ्या सारख्याच. भाच्याने यंत्र सुरू केले, खिरेश्वरची जागा निवडली आणि पडद्यावर एक ऐटबाज काळा बाण उमटला. ‘‘मामा, आता काळजी नको. बाण दाखवेल तिकडे जायचं.’’

आम्ही बाणामागून निघालो. अंतराचा आकडा कमी कमी होत होता आणि आमचा धीर वाढत होता. पायाखालची मळलेली वाट कधी सुटली ते कळलेच नाही. गवत लागले, उतार लागला. तेवढ्यात मागून धुक्यातून हाक आली. ‘‘ओ पाव्हणं! थांबा तिथंच! म्होरं कडा हाय!’’

गुरे वळणारा एक माणूस होता, डोक्यावर घोंगडीची खोळ. त्याने आम्हाला मागे फिरवले आणि खिंडीच्या वाटेला लावून दिले. वारा आला, धुके क्षणभर फाटले, तेव्हा कळले की आम्ही थांबलो होतो तेथून कडा फार तर पंधरा-वीस पावलांवर होता.

यंत्र खोटे बोलले होते काय? मुळीच नाही. खिरेश्वर खरोखर त्याच दिशेला होते. पण येण्याची वाट तोलार खिंडीतून वळसा घेऊन येते आणि बाण सरळ रेषेत दाखवतो. मध्ये दरी आहे की नदी, हे त्या बाणाला ठाऊक नसते. आम्ही त्याला ‘खिरेश्वर कुठे?’ असे विचारले आणि त्याने दिलेले उत्तर ‘खिरेश्वरला कसे जावे?’ या प्रश्नाचे म्हणून घेतले.

हे यंत्र करते काय, ते थोडक्यात पाहू. जमिनीपासून सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते. उपग्रह सतत सांगत असतो, मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत. तो संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून आपले यंत्र त्या उपग्रहापासूनचे अंतर काढते. तीन अंतरांवरून जागा ठरते. चौथा उपग्रह लागतो तो आपल्या यंत्रातल्या स्वस्त घड्याळाची चूक दुरुस्त करायला. यातला पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला. संपूर्ण यंत्रणा १९९५ साली सज्ज झाली. पण सामान्यांना मिळणाऱ्या संदेशात अमेरिकन लष्कर मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जाई. मे २००० मध्ये ही भेसळ बंद झाली आणि चूक दहा-पंधरा मीटरच्या आत आली. आता रशिया, युरोप, चीन यांचेही उपग्रह आहेत, आणि आजची बरीच यंत्रे त्यांचेही संदेश घेतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोबाइलला रेंज नसली की जीपीएसही बंद पडते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. उपग्रहाचा संदेश घ्यायला टॉवर लागत नाही. रेंज गेली की नाहीसा होतो तो नकाशा, कारण तो त्या त्या वेळी इंटरनेटवरून येत असतो. मग कोऱ्या पडद्यावर नुसता निळा ठिपका उरतो. म्हणून नकाशा घरूनच मोबाइलमध्ये उतरवून न्यावा. आदल्या रात्री मोबाइल ‘एअरप्लेन मोड’वर टाकून नकाशा उघडतो का, ते पाहावे. घरात उघडला तर डोंगरातही उघडेल.

आता यंत्राच्या गोष्टी. निघायच्या ठिकाणी यंत्र सुरू करून मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मिनिटे धरावे. बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला उपग्रह शोधायला वेळ लागतो. पडद्यावर चुकीचा अंदाज मीटरमध्ये दिसतो, तो आकडा उतरून स्थिर झाला की मगच जागा नोंदवावी. घाईने नोंदवलेली जागा चुकीचीच राहते. जुन्या फेऱ्यांची नोंद पुसून टाकावी आणि त्या क्षणापासून यंत्र सुरूच ठेवावे. म्हणजे आपण चाललो तो सारा माग त्यात रेषेसारखा उमटत जातो. परतताना बाणामागे न जाता या रेषेवरून जावे. आमच्याजवळ ती रेषा असती तर त्या गुराख्याला घसा फोडावा लागला नसता. प्रत्येक फाट्यावर, पाण्याच्या टाक्यापाशी, ओढा ओलांडला तिथे एकेक जागा नोंदवून तिला ओळखू येईल असे नाव द्यावे. ००१, ००२ अशी आपोआप पडलेली नावे संध्याकाळी निरुपयोगी ठरतात.

साध्या यंत्रात दिशादर्शक चुंबक नसते. अशा यंत्रातला बाण आपण चालत असलो तरच खरा. उभे राहून गोल फिरलात तर तो काहीही दाखवील. दहा-वीस पावले सरळ चालावे, मग पाहावे. चुंबक असेल तर सेल बदलल्यावर ते पुन्हा जुळवून घ्यावे लागते. उभ्या कड्याच्या पायथ्याशी किंवा अरुंद घळीत अर्धे आभाळ झाकलेले असते आणि संदेश कातळावर आपटून येतात. तिथे यंत्राच्या आकड्यावर विसंबू नये. उंची हवेच्या दाबावरून मोजणारे यंत्र असेल तर माहीत असलेल्या उंचीवर ते लावून घ्यावे. कळसूबाईच्या माथ्यावर गेलात तर तिथे १६४६ मीटर. दाब एका मिलिबारने उतरला तर यंत्राला आपण आठ-दहा मीटर वर चढलो असे वाटते. त्यामुळे एका जागी बसले असताना उंची वाढू लागली, तर हवा बिघडते आहे असे समजावे. सेलचा एक जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जवळ असावा, हे सांगायला नकोच.

आकड्यांच्या बाबतीत माझ्यासारखा माणूस अधिक काटेकोर असतो, म्हणून हा मुद्दा जरा सविस्तर. अक्षांश-रेखांश लिहायच्या अनेक रीती आहेत. १९.२५ अंश म्हणजे १९ अंश १५ मिनिटे. साडेबारा तास आपण १२.५ लिहितो, पण त्याला बारा तास पाच मिनिटे म्हणत नाही, तसेच हे. घाईत कोणी १९.२५ हा आकडा १९ अंश २५ मिनिटे असा वाचला, तर जागा साडेअठरा किलोमीटर उत्तरेला सरकते. मदतीला येणाऱ्या माणसांना फोनवर जागा सांगताना ही चूक झाली, तर ती माणसे दुसऱ्याच डोंगरावर शोधत बसतील. म्हणून सगळ्या मंडळींनी निघण्यापूर्वी एकच रीत ठरवावी आणि सांगताना ‘अंश’, ‘मिनिटे’, ‘दशांश’ हे शब्द उच्चारून सांगावे. ऐकणाऱ्याकडून आकडा परत म्हणवून घ्यावा.

कागदी नकाशाचीही एक मेख आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे १८३० साली जॉर्ज एव्हरेस्ट यांनी मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत. जीपीएस वापरते तो आकार १९८४ सालचा. तेव्हा यंत्रातला आकडा जुन्या नकाशावर तसाच मांडला, तर आपल्या भागात शंभर मीटरहून अधिक फरक पडू शकतो. सपाटीवर त्याने काही बिघडत नाही, कड्यावर बिघडते. नकाशाच्या समासात कोणता आकार वापरला आहे ते छापलेले असते. यंत्रातही तोच निवडावा. २००५ च्या धोरणानंतर लोकांसाठी निघालेले नवे नकाशे मात्र जीपीएसशी जुळणारे आहेत.

घरी बसून संगणकावर करायचे कामही थोडे नाही. ‘ओपन स्ट्रीट मॅप’ हा लोकांनी मिळून केलेला नकाशा २००४ पासून वाढत आला आहे, तो फुकट मिळतो. त्यावर आदल्या दिवशी वाट आखून यंत्रात भरता येते. कोणीतरी चालून आलेल्या वाटेची फाइलही मिळते. ती घेताना माणूस कोणत्या महिन्यात गेला होता, ते पाहावे. एप्रिलमध्ये कोरड्या ओढ्यातून गेलेली वाट जुलैत पाण्याखाली असते. ‘गूगल अर्थ’वर डोंगर फिरवून पाहावा. आणि समोच्च रेषा वाचायला मुलांना शिकवावे. पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर दोन रेषांमध्ये वीस मीटरची चढण असते. रेषा एकमेकींना खेटून आल्या की तिथे कडा आहे. त्या संध्याकाळी असा एखादा नकाशा आमच्या खिशात असता, तर बाण कुठे नेतो आहे ते आम्हाला दिसले असते.

बँकेत मोठ्या रकमेच्या कागदावर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या लागत. पहिला माणूस कितीही विश्वासू असला तरी दुसऱ्या सहीशिवाय कागद पुढे जात नसे. डोंगरात यंत्राची सही ही पहिली. दुसरी आपल्या डोळ्यांची, कागदी नकाशाची आणि गावातल्या माणसाची. तिन्ही जुळत नसतील, तर पाऊल पुढे टाकू नये. थांबून मागच्या नोंदवलेल्या जागेपर्यंत परत यावे. त्यात कमीपणा नाही.

आणखी एक इशारा. परदेशातले नातेवाईक प्रेमाने उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे भेट देतात. आपल्या देशात सरकारी परवानगीशिवाय ती बाळगता येत नाहीत, प्रवाशांना त्यापायी विमानतळावर अडवले गेले आहे. नुसते जागा दाखवणारे जीपीएस वेगळे, संदेश पाठवणारे वेगळे. त्यापेक्षा घरी एक चिठ्ठी ठेवावी. कोणत्या गावातून चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. ११२ हा क्रमांकही त्यावर असावा. ही चिठ्ठी आमच्या मुलीने लिहून दिली, फ्रिजवर लावून ठेवली आहे.

हे सारे ऐकून घेतल्यावर ती यंत्राची बटणे दाबत बसली. जुन्या जागांची यादी चाळताना थांबली. ‘‘आजोबा, इथे एका जागेचं नाव ‘दादा’ आहे. हे कुठलं गाव?’’

ते गाव नव्हे. त्या गुराख्याने आम्हाला वाटेला लावले, तेव्हा भाच्याने यंत्र काढून ती जागा नोंदवली होती. त्याचे नाव विचारायचेही आम्हाला सुचले नव्हते. काय नाव द्यावे, म्हणून भाच्याने रोमन अक्षरांत एवढेच टाइप केले. नंतर दोनदा आम्ही त्या गडावर गेलो, दोन्ही वेळा तिथे थांबलो. तो काही भेटला नाही.

मी तिला ती हकिकत सांगितली. तिने बाकीच्या सगळ्या जुन्या जागा पुसल्या, ती एक तेवढी ठेवली.