गिअर पडत नाही!

पाऊस पडतो, भाव पडतात, कवी प्रेमात पडतात. पण गिअरही ‘पडतो’, आणि तो पडला नाही तर भर रस्त्यात शोभा होते, हे ज्ञान मला आमच्या प्रीमियर पद्मिनीने दिले. मराठीच्या अध्यापकाला क्रियापदाचा नवा अर्थ शिकवणारी ही बाई 1984 साली आमच्या साताऱ्याच्या घरी आली. वडिलांनी नंबर लावून, पुष्कळ वाट पाहून घेतलेली. वडील गेले, गाडी राहिली. आणि ‘ती विकायची नाही’ हा आईचा वटहुकूमही राहिला.

गाडीचे मूळ घराणे इटालियन. फियाट 1100 डिलाइट या नावाने ती 1964 पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनू लागली आणि 1974 मध्ये तिचे ‘पद्मिनी’ असे बारसे झाले. कंपनी स्थापन केली वालचंद हिराचंदांनी, 1944 मध्ये. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. म्हणून सांगलीला निघालो की ‘गाडी माहेरी चालली’ असे वडील म्हणत. पुढे 2000 च्या सुमारास उत्पादन थांबले, आणि 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. आता सुटा भाग हवा तर जुन्या बाजाराला शरण जायचे. नोंदणी नव्याने करायची फी 2022 च्या एप्रिलमध्येच सहाशेची पाच हजार झाली होती, ते वेगळेच.

गेल्या दिवाळीआधी तिने दुसऱ्या गिअरवर येताना ‘खर्रर्र’ असा आवाज काढायला सुरुवात केली. कधी दांडी अडूनच बसे. गावातल्या एका गॅरेजवाल्याने गाडी पाहिली, म्हणजे भोवती एक प्रदक्षिणा घातली, आणि निकाल दिला, “पेटी गेली. उघडायला चाळीस हजार धरून चाला. त्यापेक्षा भंगारात द्या.” मीही मनातून तयार झालो होतो. भाऊबीजेला आईला घेऊन सांगलीला बहिणीकडे जायचे, तिथे दोघांनी मिळून आईला सांगायचे, असा आमचा गुप्त कट ठरला. सव्वाशे किलोमीटरचा तो प्रवास आईला न सांगता तिच्या गाडीचा शेवटचा प्रवास ठरणार होता.

कऱ्हाड ठीक गेले. पेठ नाक्याला महामार्ग सोडताना मात्र गाडी तिसऱ्यातच अडकली. पद्मिनीची गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर. तिथून पेटीपर्यंत सळ्या आणि सांधे गेलेले. सांध्यांतले बुश झिजले की एक गिअर पुरता सुटण्याआधीच दांडी दुसऱ्याला हात घालते आणि दोन्ही एकमेकांना अडवून बसतात. हे मला तेव्हा कुठले ठाऊक! एका ट्रकवाल्याने बॉनेट उघडले, दोन सळ्या हाताने सरळ केल्या, आणि हसत निघून गेला.

सांगलीला बहिणीच्या ओळखीच्या वृद्ध मिस्त्रींकडे गाडी नेली. “सर, पेटी शेवटी उघडायची. आधी बाहेरचं बघू,” ते म्हणाले. इंजिन बंद करून त्यांनी एकेक गिअर टाकून पाहिला. बंद इंजिनावर गिअर सहज पडतो आणि चालू इंजिनावर पडत नाही, तर क्लच पुरता सुटत नाही. बंद इंजिनावरही दांडी अडते, तर आधी सळ्या आणि बुश पाहायचे. आमची दांडी बंद इंजिनावरही अडली. मग इंजिन चालू करून, क्लच दाबून, चार-पाच सेकंद थांबून त्यांनी रिव्हर्स टाकला. तो बिनआवाज पडला, म्हणजे क्लच निर्दोष. चालताना गिअर आपोआप निसटतो का, हेही त्यांनी विचारले. निसटत असेल तर दुखणे बहुधा आतले. आमचा निसटत नव्हता.

शेवटी पेटीखालचा बूच काढून तेल थाळीत घेतले. त्या काळ्या तेलात त्यांनी बोट बुडवले आणि उन्हात धरले. बोटावर सोन्यासारखी बारीक चमक होती. “ही पितळेची. पोलादाचे तुकडे निघाले असते तर दात गेले म्हणालो असतो.” गिअर जुळण्याआधी दोन चाकांचा वेग सारखा करणारी पितळी कडी असते, आवाजावरून दुसऱ्याची कडी झिजली असावी असा त्यांचा अंदाज. पहिल्या गिअरला तर कारखान्यानेच कडी दिलेली नाही. बुश बदलून, 90 नंबरचे नवे तेल भरून झाले तेव्हा बिल तीन हजारांच्याही आत होते.

“आणि दुसऱ्यात उतरताना डबल क्लच मारायचा. एकदा दाबून न्यूट्रल, पाय सोडून जरा रेस, पुन्हा दाबून गिअर.”

आई मागच्या सीटवर बसून हे ऐकत होती. “हे नेहमी दोनदाच पाय दाबायचे,” ती म्हणाली. “मला वाटायचं, सवयच आहे त्यांची.”

मलाही तसेच वाटत आले होते. लहानपणी मी त्यांची नक्कल करून दाखवत असे, आणि सगळे हसत.

परतीच्या वाटेवर आष्ट्याच्या आत तीनदा चुकलो आणि तीनदा खर्रर्र झाले. पेठ नाक्यावर मात्र दुसरा अलगद पडला. मागून आईने विचारले, “त्या कटाचं काय ठरलं रे तुमच्या?” बहीण फितूर झाली होती तर!