चाळीसला शहाणी, सत्तरला बेजार

कुरुंदवाडच्या गल्लीबोळांतून जुनी पद्मिनी चाळीसच्या वेगानं कुरकुर न करता चालते. शिरोळ मागे टाकून जयसिंगपूरच्या रस्त्याला लागलं, पाय दाबला, की मात्र मिसिंग मारायला लागते. आवाज वाढतो, वेग वाढत नाही. इंजिन तेच, पेट्रोल तेच. मग मिनिटाला दीड हजार फेऱ्यांना जे जमतं ते चार हजारांना का जमू नये?

कारण वेळच पुरत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात बनवलेलं हे १,०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन. मिनिटाला ४,००० फेऱ्या झाल्या की पिस्टनला एकदा खाली यायला साडेसात मिलिसेकंद मिळतात. ठिणग्या मिनिटाला ८,०००, म्हणजे सेकंदाला १३३! आणि दर ठिणगीआधी डिस्ट्रिब्युटरमधले नखाएवढे दोन पॉइंट मिटायला हवेत, कॉइलमध्ये करंट भरायला हवा, मग ते उघडायला हवेत. गाडी उभ्याउभ्या मंद चालू असते तेव्हा मिटून राहायला त्यांना वीसेक मिलिसेकंद मिळतात, चार हजारांना जेमतेम साडेचार. स्प्रिंग थकलेली असेल तर पॉइंट नीट टेकण्याऐवजी उसळतात आणि कॉइल अर्धपोटी राहते. हे सगळं सेकंदाला १३३ वेळा बिनबोभाट चालतं, याचंच खरं तर नवल.

दोष कुठला, हेही घड्याळच सांगतं. रेस वाढताच फटके बसले तर आधी पॉइंट, कंडेन्सर, प्लग बघावेत. गाडीनं आधी झकास ओढलं आणि काही सेकंदांनी दम टाकला, तर संशय पेट्रोलवर. कार्बोरेटरच्या फ्लोटखाली थोडं पेट्रोल साठलेलं असतं. पंपाचा पडदा थकला असेल तर भरण्यापेक्षा उपसा जास्त होतो. ती शिल्लक संपेपर्यंत गाडी काही कळू देत नाही, आणि पाय सैल केला की साठा भरून पुन्हा शहाणी होते. फटके नाहीत, नुसतीच घुसमट असेल, तर एअर फिल्टर काढून बघावा. सायलेन्सरही आतून सडलेला असू शकतो. सुटलेला पत्रा आडवा बसला की जळका धूर बाहेर पडायला वाट उरत नाही.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. २००५, २०१९, २०२१ : कृष्णा-पंचगंगेचं पाणी गावात आलं. अशा पुरात उभी राहिलेली गाडी असेल तर टाकी आधी उतरवावी. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसून पत्रा गंजवतं. उपसा वाढला की तो गंज पेट्रोलच्या फिल्टरमध्ये येऊन बसतो.

आणि यातलं काहीही सोडवण्याआधी फुकटातली एक तपासणी. गाडीनं दम टाकला की बाजूला घ्यावी आणि टाकीचं झाकण उघडावं. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी पुन्हा ओढायला लागली, तर हवा आत घेणारं झाकणाचं बारीक छिद्र बुजलंय. ते साफ करायला सुई पुरते.