ते दोन हजार रुपये कशाचे होते?

एप्रिल २०२० आठवतोय? इथं कुवेतमध्ये संचारबंदी, विमानं बंद. तेव्हाच गावाकडून फोन आला असेल, "कोरोनाचे दोन हजार खात्यात जमा झाले."

खरं तर ते पैसे नवे नव्हते. पीएम-किसान योजनेत शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये मिळतात, २,००० चे तीन हप्ते. एप्रिल ते जुलैचा हप्ता एप्रिलमध्येच देऊ, असं केंद्र सरकारनं २६ मार्च २०२० ला जाहीर केलं. शेतकरी होते ८.७ कोटी. रक्कम वाढली नाही, फक्त लवकर आली. आपल्या हिशेबानं जेमतेम आठ दिनार. पण शेतमालाला गिऱ्हाईक नसताना तेवढी रोकडही कामाला आली.

लवकर आली, कारण लाभार्थ्यांची यादी आणि बँक खाती आधीच तयार होती. अडचणही तिथंच होती. यादीत यायला जमीन स्वतःच्या नावावर लागते. त्यामुळे बटाईनं कसणारे आणि शेतमजूर बाहेर राहिले. वडील वारले, पण सातबारा त्यांच्याच नावावर, तर शेतात राबणारा भाऊही बाहेर.

म्हणून घरी फोन कराल तेव्हा सातबाऱ्याचं विचारा. वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज द्यायला सांगा. वाटणीसाठी तुमची सही हवी आणि सुट्टी मिळत नसेल, तर इथल्या भारतीय दूतावासातून मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवता येतं. भावाचं काम आपल्या सहीवाचून अडायला नको.

भेटूया पुढच्या भागात!