एक्स्प्लेनर : डायव्ह वॉच हजारांतले घ्यावे की लाखांतले? नेमका फरक काय?

दोन्ही घड्याळे पाण्याखाली वापरता येतात. दोन्हींत बॅटरी नाही; मनगटाच्या हालचालीने आतली स्प्रिंग गुंडाळली जाते आणि काटे फिरतात. तरीही सेइकोचे प्रॉस्पेक्स ‘टर्टल’ हजारांत मिळते आणि रोलेक्सच्या ‘सबमरिनर’साठी लाखो रुपये मोजावे लागतात. मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे? समजून घेऊया.

डायव्ह वॉच कशाला म्हणतात?

पाण्याखाली किती मिनिटे झाली याचा हिशेब चुकला, तर जिवावर बेतू शकते. म्हणून उतरताना तबकडीभोवतीचे कडे, म्हणजे बेझेल, फिरवून वेळ लावतात. ते एकाच दिशेने फिरते. धक्क्याने सरकले, तरी गेलेला वेळ जास्तच दिसतो, कमी नाही. म्हणजे चूक झालीच, तर माणूस लवकर वर येतो.

‘आयएसओ ६४२५’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार डायव्ह वॉच किमान १०० मीटर खोलीसाठी बनवलेले आणि अंधारात २५ सेंटीमीटरवरून वाचता येणारे हवे. शिवाय लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाबावर त्याची चाचणी व्हायला हवी.

आकडे काय सांगतात?

- खोली : टर्टल २०० मीटर, सबमरिनर ३०० मीटर. हौशी स्कूबा डायव्हिंगची मर्यादाच ४० मीटर आहे. तारकर्लीला पहिल्यांदा उतरणारा तर तिच्या जवळपासही जात नाही.
- अचूकता : टर्टल दिवसाला ४५ सेकंद पुढे किंवा ३५ सेकंद मागे जाऊ शकते, असे कंपनीच सांगते. सबमरिनरसाठी ही मर्यादा २ सेकंद आहे. म्हणजे महिन्याला एकीकडे जास्तीत जास्त सुमारे साडेबावीस मिनिटे, दुसरीकडे एक मिनिट.
- काढून ठेवल्यास : टर्टल सुमारे ४१ तास चालते, सबमरिनर सुमारे ७० तास. शुक्रवारी रात्री काढले, तर टर्टल रविवारी दुपारी थांबेल; सबमरिनर सोमवारी सकाळीही चालू असेल.
- काच आणि बेझेल : साध्या टर्टलला कडक केलेली मिनरल काच आणि ॲल्युमिनियमचे बेझेल असते. सबमरिनरला नीलमणी काच आणि सिरॅमिक बेझेल असते. त्यावर सहजासहजी ओरखडे पडत नाहीत.

मग पैसे कशाचे?

पाण्याखालच्या सुरक्षिततेचे नक्कीच नाहीत. ती हजारांतल्या घड्याळातही मिळते. लाखो रुपये जातात ते अचूकता, बारीक कारागिरी आणि १९५३पासून चालत आलेल्या नावासाठी. फक्त अचूक वेळ हवी असेल, तर बॅटरीवरचे साधे क्वार्ट्झ घड्याळ या दोघांनाही मागे टाकते.

खरेदीपूर्वी हे तपासा

- ‘सेइको ५ स्पोर्ट्स’ची अनेक मॉडेल डायव्ह वॉचसारखीच दिसतात. पण ती १०० मीटरची असून त्यांची चावी स्क्रूसारखी घट्ट बसत नाही. स्कूबासाठी ती नाहीत. सेइकोच्या तबकडीवर ‘डायव्हर्स’ हा शब्द आहे का, ते पाहा.
- पाण्यात जाण्यापूर्वी चावी पूर्ण आवळा. ती सैल राहिली, तर ३०० मीटरच्या घड्याळातही पाणी शिरू शकते.
- आतल्या रबरी रिंग कालांतराने कडक होतात. दुरुस्तीसाठी घड्याळ उघडले, की पाण्याच्या दाबाची चाचणी करूनच परत घ्या. हा नियम हजारांच्या आणि लाखांच्या घड्याळाला सारखाच लागू आहे.